नवख्यांसाठी आपलीच ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) बांधायची का? आराखडा मांडतोय, झोडा

शेवटचा_डबा | शनिवार, रात्री ९:१२

मंडळी, आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये सध्या टेबल टेनिस बंद आहे. टेबलावर चौदा डेस्कटॉप पडलेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची अपडेट थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे जवळपास सगळे प्रोसेसर तिच्या यादीबाहेर आहेत. म्हणून लोकांनी यंत्रं आणून टाकली. बहुतेक तिसऱ्या-चौथ्या पिढीची आय३, चार जीबी रॅम, सगळी चालू. भंगारवाला किलोच्या भावाने मागतोय आणि सेक्रेटरी रोज आठवण करून देतोय.

माझ्या डोक्यात बरेच दिवस एक किडा वळवळतोय. नवख्या माणसासाठी, मराठीतून चालणारी, आपण सगळ्यांनी मिळून बांधलेली डेस्कटॉप ओएस. लिनक्सवर, म्हणजे फुकट मिळणाऱ्या खुल्या प्रणालीवर, अर्थातच. ज्याने जन्मात टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडलं नाही आणि उघडायची वेळही येऊ नये, अशा माणसासाठी.

ढोबळ आराखडा: पाया डेबियन किंवा उबुंटू, या लिनक्सच्या तयार आवृत्त्या. सिनॅमन या तयार डेस्कटॉपमध्ये फेरफार करून स्वतःचा डेस्कटॉप. स्वतःचं ॲपचं दुकान, स्वतःची रिपॉझिटरी (सॉफ्टवेअरचं भांडार). झाडून सगळे मेनू मराठीत. यंत्र पहिल्यांदा सुरू केलं की बोलून सांगणारा मार्गदर्शक. सहा महिन्यांत पहिली आवृत्ती. नावं सुचलीत ती अशी: 'अंगण', 'ओसरी', 'पाटी'. लोगो बायको काढून देणार आहे (तिला अजून सांगितलेलं नाही).

कोण कोण येतंय?

बिटबिट | शनिवार, रात्री ९:२०

मी! कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, दुसरं वर्ष. पण लिनक्सच कशाला? कर्नलपासून, म्हणजे ओएसच्या गाभ्यापासून, आपलं लिहू. सेरेनिटीओएस ही अख्खी ओएस २०१८ मध्ये एकाच माणसाने सुरू केली होती. आणि नाव 'ओसरी'च.

तिरफळ | शनिवार, रात्री ९:३१

'अंगण' +१

कुंपणकाठी | शनिवार, रात्री ९:३३

'पाटी' म्हणजे घमेलंपाटी वाटते. 'ओटा' कसं वाटतं?

संपादक | शनिवार, रात्री ११:०५

नावावरचे सव्वीस प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. इथे आराखड्यावर बोलावे.

डेब्यानबुवा | शनिवार, रात्री ११:४८

दोन तासांत नावावर सव्वीस प्रतिसाद आणि इन्स्टॉलरवर शून्य. प्रकल्प अगदी शास्त्रोक्त सुरू झाला म्हणायचा.

आधी बिटबिट. अरे, कर्नल लिही, जरूर लिही. त्यातून जे शिकशील ते कुठल्याच कॉलेजात मिळणार नाही. पण ते तुझ्यासाठी. शेजारच्या काकूंसाठी नाही. सेरेनिटी ज्याने सुरू केली, तो २०२४ मध्ये तिच्यातून बाजूला होऊन लेडीबर्ड ब्राउझरच्या मागे लागला. रिॲक्टओएस, विंडोजचे प्रोग्राम चालवू पाहणारी ओएस, गेल्या शतकापासून चालू आहे, अजून अल्फाच, म्हणजे कच्चीच. काकूंना प्रिंट काढायचीय, आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरला आपली हौस कळत नाही.

आता शेवटचा_डबा. तुमच्या यादीत 'स्वतःचं' हा शब्द किती वेळा आलाय ते मोजा. प्रत्येक 'स्वतःचं'च्या मागे एक माणूस लागतो, दर आठवड्याला, पुढची पाच वर्षं. कोण तो?

सोलस आठवते? छान डिस्ट्रो (लिनक्सची तयार आवृत्ती), पायापासून बांधलेली. २०१८ मध्ये मूळ संस्थापक अचानक संपर्काबाहेर गेला आणि उरलेल्यांना डोमेनपासून सगळं सोडवून घ्यावं लागलं. २०२३ च्या सुरुवातीला साइटच काही महिने बंद. नंतर सावरली, कौतुक आहे. पण त्या काळात ती घालून दिलेल्या काकूंनी कुणाला फोन करायचा होता? क्रंचबँग २०१५ मध्ये थांबली, अँटरगोस २०१९ मध्ये. दोन्हीकडे लोकांनी पुढे बन्सनलॅब्स आणि एंडेव्हर उभी केली, पण ते लोक मुळातच मुरलेले होते. नवख्याला 'आता दुसरी डिस्ट्रो घ्या' असं सांगता येत नाही. त्याच्या लेखी संगणक बिघडला, बस.

दुसरं, सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं सॉफ्टवेअर यंत्र सुरू होतानाच अडवणारी सोय. डेबियनचा शिम नावाचा छोटा बूटलोडर (ओएस सुरू करून देणारा प्रोग्राम) मायक्रोसॉफ्टच्या चावीने सही केलेला असतो, म्हणून तो बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) हात न घालता चालू होतो. त्या शिमचा विश्वास डेबियनच्या सहीच्या कर्नलवर. तुम्ही स्वतःचा कर्नल बांधलात की ती साखळी तुटली. मग स्वतःचा शिम तपासून घ्या, सही मिळवा, चाव्या सांभाळा. नाहीतर प्रत्येक नवख्याला 'एफ२ दाबून सिक्युअर बूट बंद करा' हे फोनवर शिकवा. मी शिकवलंय. चाळीस मिनिटं. शेवटी कळलं की त्यांच्या लॅपटॉपवर एफएन धरून एफ२ दाबावं लागतं.

तिसरं, २०१६ चा फेब्रुवारी. लिनक्स मिंट या डिस्ट्रोच्या साइटमध्ये कुणी शिरलं आणि डाउनलोडचा दुवा बदलून मागचं दार (चोरवाट) ठेवलेली आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) लोकांना वाटली. मिंटसारख्यांवर ही वेळ आली. आपली साइट कोण राखणार, बायकोचा लोगो?

म्हणून म्हणतो, डिस्ट्रो बांधू नका. डेबियनवर एक पातळ थर बांधा.

शेवटचा_डबा | रविवार, सकाळी ७:५०

बुवा, झोप उडवलीत. 'पातळ थर' म्हणजे नेमकं काय ते सांगा. आणि बायकोला कळलंय, ती चिडली आहे.

कुंपणकाठी | रविवार, सकाळी ८:२२

मुळात नवं कशाला? सीडॅक या सरकारी संगणक संस्थेची बॉस ही ओएस २००७ पासून आहे. तीही डेबियनवर, भारतीय भाषांसकट. तीच टाका की.

डेब्यानबुवा | रविवार, सकाळी ९:१५

@कुंपणकाठी, टाकून बघा. तुमच्या यंत्रावर नीट चालली तर माझं काही म्हणणं नाही. प्रश्न ओएस कुठली हा नाहीच, तिच्या शेजारी बसणारं माणूस कोण हा आहे. त्यावर येतो.

@शेवटचा_डबा, पातळ थर म्हणजे कर्नल, सुरक्षा-अपडेट, हजारो पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे), सगळं डेबियनकडूनच, डेबियनच्याच सर्व्हरवरून. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आली. तिला नेहमीची आणि मग दीर्घकालीन, अशी मिळून २०३० च्या जूनपर्यंत अपडेट आहेत. तेवढं आयुष्य तुमच्या आय३चंही उरलं असेल-नसेल. आपलं काय? दोन-चार लहान पॅकेजेस. एकात मराठी लोकेल (भाषा आणि प्रदेशाची सेटिंग), फॉन्ट, कळफलकाची मांडणी. एकात ठरलेला डेस्कटॉप, मोठी अक्षरं, नको ते मेनूतून काढलेलं. एकात मदतीची पानं, इंटरनेट नसलं तरी उघडणारी. लाइव्ह-बिल्ड या डेबियनच्या साधनाने त्यांची आयएसओ करायची, इन्स्टॉलर म्हणून कालामारेस हा तयार प्रोग्राम बसवायचा. उद्या आपण सगळे कंटाळलो तरी काकूंच्या यंत्रावर डेबियनची अपडेट येतच राहतील. ही खरी कसोटी: आपण मेलो तरी त्यांचा संगणक चालला पाहिजे.

हा विचार माझा नाही. डेबियनमध्ये याला ब्लेंड म्हणतात. नॉर्वेतली स्कोलेलिनक्स २००१ मध्ये शाळांसाठी सुरू झाली, पुढे डेबियन-एज्यु म्हणून डेबियनमध्येच विरघळली. वेगळं राज्य करत बसली नाही, म्हणून टिकली.

आणि ३२ बिटचा, म्हणजे जुन्या धाटणीच्या प्रोसेसरचा, विषय कुणी काढायच्या आत: डेबियन १३ मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही. जुनी ॲटम नेटबुकं सोडली तर तुमच्या टेबलावरची सगळी यंत्रं ६४ बिटचीच असणार.

पाटीपेन्सिल | रविवार, दुपारी १:०५

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. इथे सगळे पुरुष ओएस बांधताहेत म्हणून गप्प होते, पण आता लिहिते.

आमच्या शाळेला तीन वर्षांपूर्वी कुणीतरी दहा संगणक देणगी दिले. लिनक्स घालून. देणारे भले होते, फोटो झाले, नारळ फुटला. पहिला आठवडा मुलं चित्रं काढत होती. दुसऱ्या आठवड्यात एका यंत्राचा आवाज गेला. तिसऱ्यात एका मुलाने खालची पट्टी ओढून उजवीकडे नेली आणि ती कुणालाच परत खाली आणता येईना. मी दिलेल्या नंबरावर फोन केला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, टर्मिनल उघडा आणि मी सांगतो ते टाइप करा." त्याने सांगितलेला 'डॅश' मी अंडरस्कोअर टाकला. शेवटी तालुक्याच्या एका दुकानदाराने येऊन दहाही यंत्रांवर चोरीची विंडोज घातली. पट्टी जागेवर आली.

त्या मुलाचा दोष नाही. पण तुमच्या आराखड्यात बोलणारा मार्गदर्शक आहे, लोगो आहे. तिसऱ्या आठवड्यात फोन कोण उचलणार हे कुठेच लिहिलेलं नाही.

आणि हो, मेनूत 'जतन करा' असेल तर आमची चौथीतली मुलं विचारतात, झाडं का? 'सेव्ह' सगळ्यांना कळतं.

शेवटचा_डबा | रविवार, दुपारी १:४०

बाई, तुमचा प्रतिसाद छापून क्लबहाऊसच्या दारावर लावतोय.

कोकमसरबत | रविवार, दुपारी ३:३०

फोंड्याहून. माझं झेरॉक्स-प्रिंटचं दुकान आहे, अर्ज-दाखले भरून देतो. दोन यंत्रांवर मिंट चालवतो, दोनांवर विंडोज ठेवलीय. का ठेवलीय ते ऐका.

डिजिटल सहीचे टोकन. बायोमेट्रिकची डबी. टॅली. या तिघांनी माझे हात बांधलेत. ब्राउझर, लिबरऑफिस (फुकटचं ऑफिस सॉफ्टवेअर), व्हॉट्सॲप वेब, पीडीएफ जोडणं-तोडणं, यात गिऱ्हाइकाला फरकसुद्धा कळत नाही. स्कॅनर तर लिनक्सवर बरा चालतो म्हणेन. पण सहीचं टोकन घेऊन माणूस आला की मी मुकाट्याने दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसतो.

प्रिंटरचं म्हणाल तर आपल्याकडे दुकानादुकानात दोन मॉडेलं दिसतात. एक एचपी लेझरजेट १०२०. त्याच्या पोटात फर्मवेअर (प्रिंटरचा आतला प्रोग्राम) राहत नाही. दर वेळी चालू केला की संगणकाने ते पाठवायचं असतं, आणि त्यासाठी एचपीलिप या ड्रायव्हरचा वेगळा प्लगइन (जोड-प्रोग्राम) डाउनलोड करावा लागतो. एकदा केलं की सुतासारखा सरळ. दुसरा कॅननचा एलबीपी २९००. तो सीएपीटी नावाच्या स्वतःच्याच भाषेत बोलतो, त्यामुळे नुसती वायर खोचली आणि चालला असं होत नाही. तुमच्या ओएसने हे दोन प्रिंटर वायर खोचल्याबरोबर चालवले तर बाकी काही नसलं तरी मी दहा दुकानांत घालून देतो. बोलणारा मार्गदर्शक नको मला. गिऱ्हाईक बोलतं तेवढं पुरे.

तिरफळ | रविवार, दुपारी ३:४१

हेच ते! +१००

डेब्यानबुवा | रविवार, संध्याकाळी ५:१०

कोकमसरबत, तुमच्यासारख्या चौघांचा प्रतिसाद मिळाला असता तर अर्ध्या डिस्ट्रो जन्मल्याच नसत्या.

एक नियम करू या. 'हे चालतं' अशी यादी नको, 'हे चालत नाही' अशी यादी पहिल्या पानावर, ठळक. टॅली, सहीचं टोकन, बायोमेट्रिक. ज्याचं पोट त्यावर आहे त्याच्या यंत्राला हात लावायचा नाही. वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) टॅली चालवून दाखवणारे उत्साही असतातच. मार्चअखेरीला ते कुठे असतात ते बघावं.

निवृत्त_टंकलेखक | रविवार, रात्री ८:५५

स. न. वि. वि.

मी न्यायालयात एकतीस वर्षे टंकलेखन केले. आपली चर्चा वाचून दोन गोष्टी नम्रपणे नमूद करतो.

एक. मराठी टंकलेखन म्हणजे आमच्या पिढीला रेमिंग्टन या जुन्या टंकयंत्राचा कळफलक. बोटे त्यावर बसलेली आहेत. नातू मला 'बोला, ते आपोआप उमटेल' असे सांगतो, परंतु मला बोलायचे नसते, टंकायचे असते. इनस्क्रिप्ट हा संगणकावरील प्रमाण कळफलक शास्त्रशुद्ध आहे हे मान्य. तथापि वयाच्या सत्तरीत बोटांना नवे घर देता येत नाही.

दोन. माझ्याकडे श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-प्रणालीतील सुमारे चारशे फाइली आहेत. नवीन यंत्रावर उघडल्या की रोमन अक्षरांचा चिखल दिसतो. ओएस मराठी असून उपयोग काय, जर तीस वर्षांचे मराठी तिला वाचता येत नसेल?

बिटबिट | रविवार, रात्री ९:२५

काका, श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या फाइलमध्ये मुळात देवनागरी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवलेली असतात. फॉन्ट गेला की चित्र जातं. प्रत्येक फॉन्टचा नकाशा करून युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षर-संकेतात) आणता येतं. ऱ्हस्व वेलांटी आणि रफाराची जागा उलटीपालटी असते, तिथे खरी मारामारी. मी हे करतो. कर्नल राहू दे. तुमची एक फाइल पाठवाल का, ज्यात कुणाची नावं वगैरे नसतील अशी?

रेमिंग्टनचंही बघितलं. एम१७एन या लिनक्सवरच्या कळफलक-संग्रहात हिंदीचा रेमिंग्टन आहे, त्यावरून मराठीचा करता येईल. तुमचा 'ळ' कुठल्या कळीवर होता?

निवृत्त_टंकलेखक | रविवार, रात्री १०:०२

चि. बिटबिट, कळफलकाचे हाताने काढलेले चित्र उद्या नातवाकडून पाठवितो. फाइल म्हणून रजेच्या अर्जाचा नमुना चालेल ना?

इसारकाठ | सोमवार, पहाटे २:१०

म्युनिकमध्ये राहतो, म्हणून लिमक्सचं नाव निघायच्या आत मीच काढतो. इथल्या महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं, २०१३ पर्यंत पंधरा हजारांच्या आसपास यंत्रं बदलली, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचा ठराव केला. भारतात हे उदाहरण 'लिनक्स पडलं' म्हणून सांगतात. इथे राहून ऐकलेल्या तक्रारी मात्र वेगळ्याच असतात: विभागाविभागांत वेगळी आयटी, बाहेरून येणारे फॉरमॅट, मदतीला लागणारा वेळ. पाटीपेन्सिल बाईंनी लिहिलं तेच, मोठ्या आकारात.

उलट उदाहरण घरचंच आहे. केरळचा आयटी ॲट स्कूल २००१ चा, आज त्यालाच काइट म्हणतात. तिथे शाळांमध्ये उबुंटूवर बेतलेली प्रणाली चालते. पण त्यांनी ओएस आधी वाटली नाही. शिक्षकांना शिकवलं, पाठ्यपुस्तकात तेच सॉफ्टवेअर घातलं, परीक्षा त्यावर घेतली. शिक्षकाला जे येतं ते मुलाला अवघड जात नाही.

आणि एक गंमत. स्पेनमधल्या एक्स्त्रेमादुरा या गरीब प्रांताने २००२ मध्ये डेबियनवर लिनएक्स काढली. लोकांना आपलं वाटावं म्हणून सॉफ्टवेअरची नावं बदलून प्रांतातल्या थोरांची दिली. गिम्प या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरचं झालं थुर्बारान, त्यांचा सतराव्या शतकातला चित्रकार. ऐकायला गोड. पण मुलगा घरी जाऊन 'थुर्बारान कसं वापरायचं' असं शोधणार आणि जगातली सगळी मदत असणार गिम्पच्या नावाने. तेव्हा फायरफॉक्सचा 'अग्निकोल्हा' करू नका, एवढीच विनंती.

कुंपणकाठी | सोमवार, सकाळी ९:००

पण मग मराठी कुठे राहिली? सगळं 'सेव्ह', 'डाउनलोड', 'सेटिंग'. असं असेल तर इंग्रजीच ठेवा की. आपणच धारिका, संचिका, उतरवून घेणे रूढ केलं नाही तर कोण करणार?

पाटीपेन्सिल | सोमवार, दुपारी २:२०

कुंपणकाठी, मी मराठीच शिकवते हो. भाषेची काळजी मलाही आहे. पण 'धारिका' हा शब्द वर्गात मी पहिल्यांदा सांगणार, आणि मूल तो फक्त त्या एका पडद्यावर वाचणार. 'छापा', 'पुसा', 'शोधा', 'बंद करा', 'मागे', 'चिकटवा' हे आमच्या बोलण्यातले शब्द आहेत, ते येऊ देत. 'फाइल' मराठी झाली, तहसीलदाराच्या टेबलावर शंभर वर्षं आहे ती.

खरा त्रास अर्धवटपणाचा. एका खिडकीत वरचा मेनू मराठी, खालचं बटण इंग्रजी, मधली चेतावणी भलत्याच मराठीत. त्यापेक्षा एकच ठेवा.

डेब्यानबुवा | सोमवार, रात्री १०:३०

बाईंना अनुमोदन. पुण्यात रेड हॅटमधल्या मंडळींनी फ्युएल नावाने हेच केलं होतं: रोज डोळ्यांसमोर येणारे मोजके शब्द आधी ठरवायचे, भाषेभाषेच्या लोकांना एकत्र बसवून. ती यादी घ्या, तिच्यावर वर्गातला शिक्का मारून घ्या. ज्या सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर अर्धवट आहे ते आपल्या थरात इंग्रजीच ठेवायचं. आणि जे सुधाराल ते मूळ प्रकल्पाकडे पाठवायचं, आपल्या खिशात ठेवायचं नाही. लिबरऑफिसचं मराठी सुधारलं तर ते मिंटवाल्यालाही मिळालं पाहिजे.

जाता जाता दोन किडे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. जुन्या पद्धतीने 'अ' वर चंद्र ठेवलेला शब्द आणि नव्या 'ॲ'चा शब्द डोळ्यांना सारखे, संगणकाला वेगळे. फाइल शोधली तर सापडत नाही. दुसरं, ल आणि श. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वळणाचे ल आणि श प्रमाण धरलेत. काही फॉन्टांत हिंदी आणि मराठी दोन्ही वळणं असतात, पण मजकूर मराठी आहे हे ॲपला कळलं तरच मराठी वळण उमटतं. लोकेल एमआर-आयएन ठेवली की बरंच मार्गी लागतं.

शेवटचा_डबा | मंगळवार, रात्री ९:४०

आराखडा नव्याने. जुना खोडला आहे, शरम म्हणून तसाच ठेवलाय.

ओएस बांधायची नाही. डेबियन १३, वर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप, त्यावर आपला थर. यंत्राला एसएसडी आणि शक्य तिथे आठ जीबी रॅम, नाहीतर झेडरॅम (आहे ती रॅम दाबून पुरवणारी सोय). टाइमशिफ्ट (यंत्राच्या जुन्या स्थितीची प्रत ठेवणारा प्रोग्राम) आधीच चालू, आणि तो एरवी वगळतो त्या वापरकर्त्याच्या सेटिंगही त्यात धरलेल्या, म्हणजे पट्टी कुठेही गेली तरी 'काल होतं तसं करा' हे एका बटणावर. मुलांच्या खात्याला पट्टी हलवताच येणार नाही. अपडेट आपोआप, विचारणार नाही. आपला प्रत्येक बदल सार्वजनिक गिटवर (बदलांची नोंद ठेवणारी व्यवस्था), आयएसओला सही, सहीची चावी तिघांकडे. मी, बुवा आणि इसारकाठ. तिघांपैकी दोघे गायब झाले तरी चालेल.

चौदा यंत्रं बाहेर पडतील ती जोडीनेच: यंत्र आणि फोन उचलणारा माणूस. माणूस मिळाला नाही तर यंत्र टेबलावरच. आजघडीला माणसं पाच आहेत, म्हणून यंत्रं पाच.

नाव नाही. फाइलचं नाव सध्या 'थर-०'.

येत्या रविवारी बाईंच्या शाळेत चाचणी. नियम एकच: आपण मागे हात बांधून उभं राहायचं. सांगायचं नाही, माउस हिसकावून घ्यायचा नाही. फक्त कुठे अडतात ते लिहायचं.

शेवटचा_डबा | रविवार, रात्री १०:१५

आत्ताच परतलो. बिटबिटही आला होता, एसटीने, पाठीवर मॉनिटर बांधून.

चौघे बसले: सातवीतली दोन मुलं, शाळेचे शिपाई काका, आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताई. काम दिलं: स्वतःचं नाव मराठीत लिहा, मोठं करा, प्रिंट काढा.

पहिला अडथळा लॉगिनलाच. मी इन्स्टॉल करताना कळफलक मराठी निवडला होता. पासवर्ड ठरवताना अक्षरं दिसत नाहीत, त्यामुळे तो देवनागरीत पडला हे माझ्याच लक्षात आलं नाही. मग कळफलक इंग्रजीवर गेला आणि कुणालाच आत जाता येईना. दहा मिनिटं मी मागे हात बांधून घाम पुसत होतो. थर-१ मध्ये लॉगिनला इंग्रजी कळफलक पक्का, आणि पासवर्डच्या चौकटीशेजारी 'मी पाहतो' असं डोळ्याचं चित्र.

ताई 'नवीन' या बटणावर थबकल्या. नवीन काय? आम्ही 'कोरा कागद' करून बघितलं, लगेच दाबलं. हे बटण मूळ प्रकल्पाकडे पाठवलं तर मान्य होईल का कल्पना नाही, पण माझा तरी जीव त्यावर जडला.

शिपाई काकांनी नाव लिहिलं, मग दोन बोटांनी पडद्यावर चिमटा काढून मोठं करायला गेले. मोबाइलची सवय. माउसला डबल क्लिक कुणालाच नीट जमलं नाही, मुलांनासुद्धा. एका क्लिकवर फाइल उघडण्याची सोय एक्सएफसीईत आहे, ती चालू करणार. आम्ही इतकी वर्षं डबल क्लिक गृहीत धरून बसलो होतो.

अडल्याच्या जागा एकूण अकरा लिहिल्या. त्यातली लिनक्समुळे आलेली एकच, आणि ती प्रिंटर. एचपीचा १०२० होता. कोकमसरबत म्हणाले तसा प्लगइन लागला. शाळेत रेंज नाही, तो डाउनलोडच होईना. शेवटी बिटबिट शाळेच्या गच्चीवर मोबाइल धरून उभा राहिला.

ताईंचं नाव छापून आलं तेव्हा त्यांनी कागद घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला. त्याचं काय लिहायचं कळलं नाही, म्हणून वहीत लिहिलं नाही.

डेब्यानबुवा | रविवार, रात्री १०:४०

प्लगइन आयएसओत घालून वाटायचा की नाही, त्याचा परवाना आधी नीट वाचा. नाहीतर त्या प्रिंटरला चालणारा फू२झेडजेएस हा ड्रायव्हर डेबियनच्या भांडारात आहे. फर्मवेअरची फाइल पेनड्राइव्हवर सोबत ठेवा. घाईत काही आत घालू नका.

कोकमसरबत | रविवार, रात्री १०:५२

परवाना मी वाचतो, अर्ज वाचायची सवय आहे. २९०० दुकानात रिकामा आहे, चाचणीला घेऊन येऊ?

निवृत्त_टंकलेखक | सोमवार, सकाळी ६:३०

रजेचा अर्ज युनिकोडमध्ये अचूक उमटला. फक्त 'र्‍या'च्या ठिकाणी 'र्या' आले आहे, 'दुसर्या' असे दिसते. चि. बिटबिटने लक्ष घालावे. उर्वरित तीनशे नव्याण्णव केव्हा पाठवू?

पाटीपेन्सिल | सोमवार, दुपारी २:१५

आणाच, कोकमसरबत. पुढच्या रविवारी मुख्याध्यापकही बसणार म्हणतात. येताना एक आठवण: आमच्या प्रोजेक्टरला व्हीजीएच जोडता येतं. तुमच्या त्या नव्या यंत्रांना ते तोंड नसेल तर कन्व्हर्टर आणा. आणि बिटबिटला सांगा, गच्चीचा जिना आता कुलपात आहे, किल्ली माझ्याकडे मागावी.